मागच्या सीटवर

विद्यापीठाची गाडी चालवतो मी.
अवासाहून बुलेसा, तळ्याच्या कडेकडेनं,
बाभळींमधून, पांढऱ्या धुळीतून.
जायला तीन तास, यायला चार.
येताना बाटल्या असतात, हिंदकळून चालत नाही.

आधी देरेजे आले, दगडांचे डॉक्टर.
दर वळणाला "थांब, थांब".
हातोडीनं टिचकी मारायची, कण जिभेवर ठेवायचा.
म्हणाले, खाली जुन्या ज्वालामुखीची राख आहे,
पाणी तिच्यातून झिरपतं
आणि पोरांचे दात तपकिरी करत वर येतं.
मी आरसा जरा तिरका केला.
या खोऱ्यातलाच आहे मी.
हसायचं ते ओठ मिटून,
हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही.

मग मेसेरेत. तिच्या शालीला भट्टीचा वास.
तिनं गाईची हाडं जाळली, काळे दाणे पाडले,
निळ्या पिंपात भरले, खाली तोटी लावली.
पहिला पेला ती स्वतः प्यायली, दुसरा वोर्केनेश.
सगळा गाव तिच्या तोंडाकडे बघत होता.
"कसं आहे?"
"पाण्यासारखं."

मग लॅपटॉपवाला पोरगा, आकड्यांचा.
वळणं लागतात त्याला, दोनदा ओकला.
त्यानं तोटीला मोजणीयंत्र बसवलं,
महिन्यानं आलेख काढला
तर दर बुधवारी खड्डा, दर शुक्रवारी खड्डा.
यंत्र बिघडलं म्हणाला. सेल बदलले.
पुन्हा बदलले.
मला माहीत होतं.
ड्रायव्हरला विचारायचा रकाना
त्यांच्या फॉर्मात नव्हता.

त्याच आठवड्यात सिसाय आले, फुकटात बसून;
त्यांच्या खात्याला डिझेल मंजूर नाही.
गीझ भाषेतल्या पोथ्या वाचतात,
चारशे वर्षांपूर्वी शाई कशी करायचे ते शोधतात.
पोरगा हळूच म्हणाला, याचा कुणाला उपयोग?
सिसायना ऐकू गेलं. ते खिडकीबाहेर बघत राहिले.
मला काय झालं कुणास ठाऊक,
गिअर बदलता बदलता बोलून गेलो:
"उपास असतो, साहेब. बुधवार-शुक्रवार.
दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही.
हाडातून गाळलेलं पाणी कोण पिणार?"

बराच वेळ नुसत्या बाटल्या वाजत होत्या.
मग सिसाय म्हणाले,
"बुलेसाच्या चर्चमधली पोथी कशावर लिहिलीय?"
"शेळीच्या कातड्यावर," मीच म्हणालो.
"आणि शुक्रवारी ती उघडतात?"

मेरिगेता बेयेनेंनी ऐकून घेतलं.
हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.
तीन रविवार गेले.
चौथ्या शुक्रवारी ते पिंपापाशी आले,
डाव्या काखेत पोथी, उजव्या हातात पेला.
प्यायले, तोंड पुसलं,
एक शब्द न बोलता परत गेले.
काही जणी रांगेत आल्या.
काही जणी अजून शुक्रवारी
जुन्या विहिरीकडे कॅन घेऊन चालत जातात,
आणि मेसेरेत त्यांच्याकडे बघून काही बोलत नाही,
हे ती नवीन शिकलीय.
आलेखातला खड्डा निम्मा भरला.

परतीच्या वाटेवर पोरगा पुढच्या सीटवर आला.
"आणखी काय काय माहीत आहे तुम्हाला?"
मी सांगत गेलो.
त्या दिवशी ओकला नाही तो.

वोर्केनेशचा नातोली आठ महिन्यांचा आहे.
खालचे दोन दात आलेत, तांदळासारखे.
तिनं ओठ बाजूला करून दाखवले,
मेसेरेत म्हणाली, दुधाचे दात बहुतेक पांढरेच येतात,
खरी परीक्षा सहाव्या-सातव्या वर्षी.
प्रकल्पाला पैसे तीन वर्षांचे.
त्यातलं दीड सरलं.
स्टेअरिंगवर बोटं मोडून मी दोनदा हिशोब केला,
दोन्ही वेळा तेवढाच आला.

पुढची फेरी मंगळवारी.
टायर बदलायला टाकलेत.