वीस नंबर

घर माझ्या नावावर झालं आषाढात.
मी स्वतःच भूमी अभिलेखात, उतारा लवकर निघाला:
जुळे सोलापूर, क्षेत्र इतकं,
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस यन्नम.
आत काय उगवलंय, याला रकाना नव्हता.

आणि उगवलं होतं गुडघाभर.
आधीचे मालक लेकाकडे पुण्याला गेले तेव्हा
नळाच्या तोट्या, दिव्यांचे होल्डरसुद्धा काढून नेले,
एवढं मात्र ठेवून गेले.

मी संगमेश्वरची. टाकळा, कुर्डू
अंधारातही ओळखीन.
इथली काळी माती चप्पल धरते ती सोडत नाही,
आणि तिच्यातनं वर आलेलं एक तोंड ओळखीचं वाटेना.
रविवारी विळा घेऊन बसले.
पहिल्या दोन वाफ्यांत सगळ्यांना एकच न्याय दिला.

"काय उपटूलालाय, मॅडम?"
भिंतीपलीकडे बालामणी, मांडीवर सूप,
सुपात तेंदूची पानं, बोलताना कात्री थांबत नाही.
"गंगवायली हाय ते. पप्पूत घालतेत, वरणात."
मी हातातलं मुळासकट पाहिलं.
लालसर देठ, जाड, गुळगुळीत पानं.
अगं बाई, ही तर घोळ.

मग भिंतीवरनंच चाललं.
मी जुडी वर धरायची, ती नाव टाकायची.
गलिजेरू. म्हणजे आमची घेटुळी? असेल.
एकाला दोघींकडे नाव नव्हतं,
ती म्हणाली, बकऱ्याचं.
आघाड्याला उत्तरेणी म्हणाली,
आणि दोघी एकदमच बोललो: राहू दे, गणपतीला लागेल.
गाजरगवताला तुमच्यात काय म्हणतात विचारलं
तर शिवी दिली. डायरीत तीच लिहून घेतली.
सराटा माझा मीच ओळखला,
तळव्याने.

हौदाच्या कोपऱ्यातलं एक उरलं.
पाणी इथे चार दिवसांआड,
पण त्याला हौदाची गळती पुरत होती.
अंबाडी म्हणावी, तर चावून पाहिलं, आंबट नाही.
भेंडी म्हणावी, तर फूल तसंच पिवळं,
पण दुसऱ्या दिवशी तेच गुलाबी.
"रंग बदलतंय," बालामणी म्हणाली, "दारात नको असलं."
यन्नममामांना बोलावलं.
सदतीस वर्षं पॉवरलूमवर, टॉवेलखात्यात;
निम्मे कान तिथेच राहिलेले.
चष्मा कपाळावरनं खाली घेतला, वाकून पाहिलं,
म्हणाले, शोभेचं असंल.

मी विळा बाजूला ठेवला. का, ते आता आठवत नाही.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी
मामा शेंगाचटणीची वाटी घेऊन आले
आणि हौदापाशी थांबले.
बोंड रात्रीतनं फुटलं होतं.
वाटी कट्ट्यावर ठेवली.
पांढरं ओढून घेतलं, सरक्या काढल्या,
अंगठा आणि बोटाच्या मध्ये पीळ, जरा ओढ,
परत पीळ.
डोळे भलतीकडेच होते. हातांना सांगावं लागत नव्हतं.
वीतभर धागा उजेडात धरला.
"वीस नंबर," म्हणाले.

मग बराच वेळ काही नाही.
"आमी कोन आनायचं, मॅडम. खोक्यातनं. मोजून.
हे असं झाडाला…"
भिंतीवरनं बालामणी हसत सुटली,
सदतीस वर्षं, सदतीस वर्षं, म्हणत,
आणि मग पदर तोंडाला लावून गप्प झाली.

आधीच्या मालकांना फोन केला.
तिथे गादीवाला बसवला होता एकदा, म्हणाले,
सांडली असेल सरकी.
ते सोडा, लाइटचं बिल आलं का?

तुमच्यात काय म्हणतात, मी मामांना विचारलं.
पत्ती.
तेवढंच लिहिलं. पुढेमागे कुणी डायरी उघडली
तर वाटेल, चहाची.

धागा मी मागणार होते, पानाशी चिकटवायला.
मामांनी तो घडी करून
शर्टाच्या खिशात, चष्म्याच्या घरामागे ठेवला
आणि रिकामी वाटी परत द्या म्हणाले,
घाई नाही.