नावाचा रकाना

पहाटे तीन दहाला इद्रिस टॅक्सीवाल्यानं तिला आणली
दोन्ही हातांवर, गादीची वळकटी आणावी तशी.
म्हणाला, कुलाब्याच्या गेस्ट हाउससमोर तिघं उभे होते,
मागचं दार उघडलं, हिला आत सरकवली,
हॉस्पिटल, हॉस्पिटल, म्हणाले आणि गल्लीत शिरले.
भाड्याचं त्यानं काढलं नाही.
काढेल, या भीतीनं मी जरा वेळ पेन शोधत बसले.

नेमळेकर सिस्टरनं पापणी वर करून टॉर्च मारला.
बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.
ओठ जांभळं खाल्ल्यासारखे.
एक श्वास,
मग भिंतीवरचा पंखा पार दारापर्यंत जाऊन
परत आमच्याकडे तोंड करायचा,
तेव्हा कुठे दुसरा.

नालोक्सोन, नालोक्सोन, म्हणत इंटर्न मेश्राम
ट्रॉलीचे खण ओढत राहिला.
ते ट्रॉलीत नसतं. ते कपाटात असतं,
कपाटाची किल्ली वरच्या मजल्यावर असते,
आणि वरचा मजला झोपलेला असतो.
धोंडू जिने चढला, उतरला.
धोंडूला मी इतक्या वर्षांत पळताना पाहिलं नव्हतं.

सुई गेली. दीड मिनिट.
मग ती एकदम उठली, ओकली,
आणि आम्हा सगळ्यांवर ओरडली
कसल्यातरी भाषेत, जिच्यात शिव्याही ओळखू येईनात.
थकून आडवी पडली तेव्हा एकच शब्द उरला:
एमा.
परत, एमा.

चला, नाव तरी मिळालं.
मी रकान्यात लिहिलं, एमा.
वडिलांचे किंवा पतीचे नाव: माहीत नाही.
पत्ता: परदेशी.
जवळचा नातेवाईक: इद्रिस, टॅक्सी.
रकाना मोकळा सोडलेला चालत नाही.

एमा, डोळे उघड.
एमा, झोपायचं नाही, एमा.
सिस्टर गालावर थापट्या मारत होती
आणि बाकीचे आम्ही तिच्या पाठोपाठ, एमा, एमा.

शेजारच्या खाटेवर आपला होता.
मस्जिद बंदरच्या पुलाखालून आणलेला,
अनोळखी इसम, वय अंदाजे तीस.
आपल्याला गर्दुल्ला म्हणतात.
हिला काय म्हणायचं ते ठरलेलं नाही,
हवालदार काळसेकर मॅडम म्हणाले.
त्याच्यासाठी कोणी जिना चढलं नव्हतं, खरं सांगायचं तर.
तो आपला आपण जागा झाला
आणि तेव्हापासून विचारत होता,
माझ्या चपला कुठायत?

उजाडताना कमरेच्या पिशवीत पासपोर्ट सापडला,
घामानं फुगलेला.
काद्री सिल्लास्ते. एस्टोनिया.
काद्री म्हणजे आपल्या भेंडीबाजारातली की काय,
काळसेकर म्हणाले. कोणी हसलं नाही.

साडेसहाला दिल्लीहून फोन.
बाई सावकाश इंग्रजीत बोलत होती, माझ्यासाठी.
मी विचारलं, ही एमा कोण? बहीण? मैत्रीण?
तिलाही कळवायला हवं ना.
पलीकडून काहीच येईना. लाइन गेली वाटलं.
मग म्हणाली, ते नाव नाही.
आमच्याकडे आईला म्हणतात.

रजिस्टरात खाडाखोड करायची नसते, कोर्टात जातं ते.
चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ,
खालचं वाचता येईल अशी. बाजूला सही, वेळ.
मी रेघ मारली. वाचता येतंय.

ओपीडीची रांग लागायच्या आत तिनं सलाइन स्वतःच उपसलं.
डामाच्या कागदावर सही केली,
माझ्या जबाबदारीवर जात आहे, असं मराठीत छापलेलं,
काय लिहिलंय हे विचारलं नाही.
अनवाणी आली होती.
सिस्टरनं बाथरूममधल्या निळ्या सपाता पुढं सरकवल्या,
त्या घालून ती गेली, पट् पट् आवाज करत,
गेटापर्यंत ऐकू येत होतं.

बघा, शेजारचा म्हणाला,
तिला बरोबर दिल्या.