तीस सप्टेंबरचा पट

आज पट पक्का होतो.
गिरासे सर हजेरी घेतात, मी मोजते,
मग मी घेते, ते मोजतात.
तीस.
पुन्हा मोजून मूल वाढत नाही.

एकतीस असती तर शाळा अनुदान पंचवीस हजार.
तीस म्हणजे दहा.
एका पोराची किंमत पंधरा हजार,
हे डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

मुलं कमी झाली म्हणून छप्पर आखूड होत नाही.
उत्तरेच्या खोलीतला पत्रा
पट पन्नास होता तेव्हाही तेवढाच गळायचा,
बादली तीच.
वीजबिल मीटरवर येतं, डोक्यांवर नाही.
खडू मोडून अर्धा वापरता येतो,
अर्धा मास्तर अजून निघायचाय.
(निघेलही. सरांचं नाव अतिरिक्तच्या यादीत आहे.)

सव्वासातला दोंडाईच्याहून पिवळी बस येते,
बाजरीच्या कडेने वळते.
ड्रायव्हर आमचाच, सातवी पास.
आमच्या फाटकाशी हॉर्न जरा हळू वाजवतो.

एकतिसावा होता नयन मालचे.
त्याची आई तापीबाई आमच्याच चुलीवर खिचडी शिजवते.
फेब्रुवारीत पदराला हात पुसत आली,
"मना पोर्‍याले तठे धाडानं शे,
फारम तुम्हीच भरी द्या, म्याडम."
मीच भरला. माझ्याच मोबाइलवर,
रेंजसाठी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्या चढून,
दाखल्याचा फोटो तीनदा काढून.
पंचवीस टक्क्यांच्या सोडतीत नाव लागलं,
तिने आधी मला पेढा दिला, मग देवाला.

आता त्याची फी सरकार भरतं.
म्हणजे भरणार आहे.
तिथले संस्थाचालक परवा बाजारात भेटले,
म्हणाले, दोन वर्षांचं येणं थकलंय, मॅडम.
इथून निघालेला पैसा तिथे पोचलेला नाही.
मी गणित शिकवते.
हातचा एक कुठे गेला,
हे रोज मुलांनाच विचारते.

काय सांगायचं होतं मी तिला?
की तुझा पोरगा आमच्या पत्र्याचा खिळा आहे,
राहू दे?

केंद्रप्रमुख म्हणतात, स्पर्धेचं युग आहे, गुणवत्ता वाढवा.
चौथीतली पूर्वा सतराचा पाढा उलटा म्हणते,
एकशे सत्तरपासून खाली, न अडखळता,
मागे बादली वाजत असताना.
हे कुठे भरायचं, साहेब?
ते म्हणाले, पोर्टलवर तसा पर्याय नाही.

आणखी पाच गेली
की खिचडीला दोन बाया नाहीत, एकच.
तापीबाई मागून लागलेली. जाईल तीच.
तांदूळ निवडता निवडता मला म्हणाली,
"मना पोर्‍यानीच मनी नोकरी खादी,"
आणि सूप खाली ठेवून इतकी हसली
की मलाही हसावं लागलं.
मग म्हणाली, "तुम्हले राग ऊना का?"
मी म्हटलं, तीन किलो घे आज, मोजून.

प्रपत्राच्या शेवटी रकाना असतो:
पट कमी होण्याचे कारण.
एका ओळीची जागा.
मी लिहिलं, स्थलांतर.
अगदीच खोटं नाही,
मूल रोज बारा किलोमीटर जातं
आणि दिवेलागणीच्या आत परत येतं.

बसमधून उतरून टाय खिशात कोंबतो,
घरी न जाता आमच्या ओट्यावर येतो,
डायरीत मिसने काय लिहिलंय ते विचारायला.
मला तरी कुठे धड कळतं?
शब्दकोश काढतो आम्ही दोघं.
गिरासे सर कुलूप हातात धरून थांबतात,
घड्याळ बघत नाहीत.