भिंतीचे एक्केचाळीस फोटो

ट्रान्सफर पूर्ण, असं टॅब म्हणाला
आणि मी चहा ठेवायला गेले.
येऊन बघते तर
सहा हजार दोनशे चौदा फोटो
एकाच पटांगणात उतरलेले,
शाळा सुटल्यावर पोरं फाटकाशी घोळका करतात तसे.
कोण कुठल्या वर्गातलं, कळायला मार्ग नाही.

नणंदेच्या हळदीला लागून मगर.
मगरीला लागून गॅसचं बिल,
बिलाला लागून पुन्हा हळद.
कॅमेऱ्याचा सेल एकदा निसटला होता म्हणे,
तेव्हापासून त्याच्या लेखी
रोजच एक जानेवारी, दोन हजार दोन.

दादांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, शिस्त ही नव्हे.
सर्व्हे खात्यात ट्रेसर होते.
नकाशा गुंडाळून नळकांड्यात,
नळकांड्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर नंबर.
घरात कॉम्प्युटर आला तेव्हा
त्याच्याही पोटात त्यांनी नळकांडीच रचली:
'सुलभा, साखरपुडा ते पाठवणी'
'मगर, आपल्या गल्लीतली'
'मगर, लोकांकडची'
'पछी जोईशुं',
आणि त्याच्या आत
'पछी जोईशुं, खरंच'.

आता उजवी बाजू उठत नाही,
खुर्चीत बसवत नाही,
म्हणून हा टॅब, उशीला टेकवून.
डाव्या बोटानं सरकवत राहिले.
हळद. मगर. बिल. हळद.
मग टॅब पालथा घातला.
शब्द गेल्यापासून ते वस्तू पालथ्या घालतात:
वाटी, चष्मा, आज हा.

शेजारचा धैवत आला, बारावीतला, तोंडात चेवडा.
काकी, म्हणाला, फोटा नहि, आखुं फोल्डर उपाडो.
एवढंच होतं.
पीठ ओंजळीनं न्यायचं नसतं,
डबाच उचलायचा असतो.
तेहतीस वर्षं स्वयंपाकघरात काढून
हे मला चेवड्यानं सांगावं!
आणि नावाआधी आकडे घाला,
शून्य एक, शून्य दोन,
नाहीतर हा लावतो
आपल्या मनाची बाराखडी.

सगळं पुसलं. पुन्हा पहिल्यापासून.

सत्ताविसाव्याला नावच नव्हतं,
'नवीन फोल्डर ३', कॉम्प्युटरनं ठेवलं तेच.
आत भिंत.
कंपाउंडची, समा रोडच्या अंगाची,
एक्केचाळीस वेळा.
मघाशी ढिगात यातला एक दिसला
तेव्हा बटण चुकून दाबलं गेलं असेल म्हणून
मी तो काढूनच टाकणार होते.

तारखा खोट्या, पण नंबर खरे.
ओळीनं लागल्यावर दिसलं:
विश्वामित्री घरात येऊन गेली त्या सालापासून
दर महिन्याला ओल मोजलेली.
भिंतीला टेप लावून.
चार फूट दोन. तीन फूट अकरा.
तीन फूट साडेदहा.
टेपचं खालचं टोक धरलेला एक हात,
हिरव्या बांगड्या, अंगठ्याला कणीक.
अठराव्यापर्यंत हात.
एकोणिसाव्यापासून वीट.

शेवटच्या सहांत भिंत कोरडीठाक,
रंग दिलेली.
मोजायला काही नाही.
तरी टेप, तरी वीट.

काय नाव देऊ, मी विचारलं.
भिंत? मान हलली, नाही.
ओल? नाही.
माई?
दादांनी खिडकीकडे पाहिलं,
मग डाव्या हाताची तीन बोटं वर केली.
बरं. तसंच ठेवलं.
'२७ नवीन फोल्डर ३'.

रात्री चार्जर लावायला गेले.
सात टक्के उरले होते,
स्क्रीन उघडीच, अठराव्यावर.
वायर पोचेना.
टॅब हातातून काढून घ्यावा तर बोटं घट्ट.
मग ह्यांना हाक मारली
आणि आम्ही दोघांनी
पलंगच सरकवला प्लगकडे,
दादांसकट.