दिवसाला किती कप

नर्स विचारते, दिवसाला किती कप?
तिच्या कागदावर चौकोन आहेत :
एकही नाही, एक-दोन, तीन-चार, पाच किंवा जास्त.
तौनो माझ्याकडे बघतो.
शब्द घशातून वर यायला आता वेळ लागतो त्याला,
आणि चेहरा हलत नाही.
रुसलाय की हसतोय, ते मलाच ओळखावं लागतं.

मी म्हणते, कधीचे सांगू?
लाकडांचा ट्रक चालवायचा तेव्हाचे सांगू?
पहाटे चार, बाहेर उणे तीस,
इंजिनाआधी स्वतःला तापवून घ्यायचा.
पातेल्यात उकळलेली, गाळ खाली बसायच्या आत.
आईकडून उचललेली सवय : बशीत ओतायची,
दातांत साखरेचा खडा धरायचा,
आणि फुर्रर्र.
नवी नवरी होते मी, पाहुण्यांसमोर लाजेने अर्धी व्हायचे.
थर्मासमध्ये आणखी चार. गिरणीवर दोन.
आमच्या लिएक्सात माणसाला मातीत ठेवून आलं
तरी आधी कॉफीच मांडतात.
आठ लिहा, म्हटलं. नऊ लिहा.

आठला चौकोन नव्हता.

ती म्हणाली, कॉफी पिणाऱ्यांना हा आजार
कमी होतो असं दिसलंय.
लगेच घाईने म्हणाली, कमी. होतच नाही असं नाही.
हजारोंत मोजतात, बाई.
माझ्या घरात एकच माणूस आहे,
त्याचे हजार कुठून करू?

आणि मग मला तो नोव्हेंबर आठवला.
अकरा वर्षं झाली.
कप बाजूला सारून म्हणाला, इर्या, पुडा बदललास का?
नुसतं गरम पाणी लागतंय.
नव्हता बदलला. तोच पुडा, तोच चमचा.
त्याच आठवड्यात माझा वेलचीचा पाव करपला,
काळा कोळसा,
आणि हा ओव्हनच्या शेजारी बसून पेपर वाचत होता.
नाक गहाण टाकलंस का, म्हणून मी ओरडले.
दोन दिवस बोलले नाही.
नंतर कप आपोआप उतरत गेले : पाच, तीन, एक.
कुणी सांगितलं नव्हतं सोडायला.
आणि हात? हात तेव्हा असे स्थिर
की माझ्या सुईत दोरा तोच ओवून द्यायचा.

म्हणून तिला विचारलं :
कॉफी सुटली म्हणून हे आलं,
की हे आत येऊन बसलं होतं,
म्हणून कॉफी सुटली?
तिने पेनाचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं.
म्हणाली, तेच तर शोधतायत अजून.
पोर खरी आहे. खोटं सांगितलं असतं
तर मी जास्त खूश झाले असते, एवढंच.

शेवटी कुठल्या चौकोनात फुली मारली
ते मी पाहिलं नाही,
त्याच्या कोटाच्या गुंड्या लावत होते.

घरी आलो. दुपारची गोळी दिली, अर्धा तास जाऊ दिला.
मग मीच म्हटलं, घेतोस?
कप दिला तर बशीवर खडखडतो,
सगळ्या घराला ऐकू जातं,
आणि अर्धी बाहीवर सांडते.
म्हणून कप बाजूला ठेवला. बशीत ओतली.
बशी मी धरली दोन्ही हातांनी,
खडा त्याच्या दातांत ठेवला.
वास येत नाही. चव येते की नाही, विचारत नाही.

फुर्रर्र.

अगदी तस्साच. गावभर ऐकू जाईल असा.
पाहुणे असते तरी चाललं असतं.
दोन बशा झाल्यावर मान हलवली त्याने, पुरे.
कपात उरलेली गार झाली होती.
मी उभ्याउभ्या पिऊन टाकली.
हल्ली त्याच्या वाट्याची पण मीच संपवते.
मला कुणी विचारलं नाही
दिवसाला किती.