नाणं

वादळ जाऊन दोन दिवस होतील रात्री.
आदहुन्तासच्या डोंगरात विजेच्या तारा वेलींसारख्या लोंबताहेत
आणि मिग्दालिया फ्रिजच्या दाराला पाठ लावून बसलीय,
मांडीवर सुपारीएवढा रेडिओ.

"उघडायचं नाही," नातवाला दटावते,
"आतली थंडी उसनी आहे.
दर वेळी डोकावलास की थोडी निघून जाते."

खालचं सगळं कालच गेलं:
दूध, कोंबडी,
कुत्र्यानंही हुंगून सोडलेलं चीज.
वरचा फ्रीझर गच्च भरलेला,
एकाला एक बिलगून,
म्हणून अजून आशा.

वादळाआधी तिनं पेल्यात पाणी गोठवून
वर एक नाणं ठेवलं होतं.
नाणं तळाशी गेलं
तर सगळं टाकायचं. चव घेऊनसुद्धा बघायची नाही.

सगळ्यांत मागे निळ्या झाकणाचा डबा.
तुरीचे कोवळे दाणे, बहिणीच्या हातचे.
झाकणावर तिच्याच अक्षरात मार्चची तारीख.
बहीण एप्रिलात गेली.

संध्याकाळी तिनं एकदाच दार उघडलं.

नाणं जेमतेम बोटभर उतरलेलं,
तिरकं, रुतलेलं.
डबा हलवला. आत खडखडला बर्फ.

मग शेजारच्या फेर्मिननं गॅसची शेगडी आणली,
कुणी तांदूळ, कुणी नुसतीच ताटली.
रटरटून उकळलं सगळं, गल्ली जेवली.
"मीठ जास्त झालंय," फेर्मिन म्हणाला.
"तिचं नेहमीच व्हायचं," मिग्दालिया म्हणाली,
आणि भांडी घासायला बसली.

झाकण तेवढं घासलं नाही.