हिंगुळाचं शेत

सुंगहुआ नदी इथे गोठत नाही.
वरच्या धरणातून सुटलेलं पाणी
उणे पंचवीसमध्येही वाफाळत राहतं,
आणि ती वाफ काठच्या वाळुंजांवर बसून
रात्रीत पांढरी होते.

पहाटे साडेपाचला, पुलाच्या आडोशाला,
आम्ही नऊ जण गुडघे किंचित मोडून उभे असतो,
जसं कुणी स्टुलावर बसायला निघावं
आणि वाटेत विचार बदलावा.

पुढे लुआन देफू. वय एकाहत्तर.
तीस हिवाळे त्यांनी या शहराच्या बॉयलरला कोळसा घातला,
भुवया अजून विरळच आहेत.
"बेंबीखाली तीन बोटं. तिथे हात, डाव्यावर उजवा.
नाही बाई, पोट आत ओढू नका,
फोटो काढत नाहीये कुणी."

त्या जागेला आमच्यात हिंगुळाचं शेत म्हणतात.
हिंगूळ मला ठाऊक आहे.
सत्तावीस वर्षं मी थर्मामीटरच्या कारखान्यात होते,
काचेच्या नळीत पारा भरायला,
आणि पारा निघतो हिंगूळ भाजूनच:
तांबडा दगड, पोटात पळपुटी चांदी.
लोकांचा ताप मोजायची हत्यारं केली जन्मभर.
मग कारखान्याला कुलूप लागलं,
आणि त्याच वर्षी डॉक्टरांनी
माझी पिशवी काढून एका ट्रेमध्ये ठेवली.
शेत असेल ते असेल,
माझ्याकडे आता नुसता बांध आहे, टाके घातलेला.
हे मी लुआनना सांगितलं नाही.
हात ठेवला.
खाली कोणी नव्हतं.

रात्री फरशीवर.
फरशीखालून गरम पाण्याचे नळ जातात.
लेक शियामेनला यिन योग शिकवते,
तिने एक लोड पाठवलाय आणि मोबाइलवर तिचा आवाज:
तळव्याला तळवा, गुडघे बाहेर सोड, पुढे वाक,
पाच मिनिटं.
आई, काही करायचं नाही.

मला काही न करणं येत नाही.
पहिल्या मिनिटाला जांघ कुरकुरते,
दुसऱ्याला वीजबिल,
तिसऱ्याला तो ट्रे.
चौथ्या मिनिटाला मी रडते, पण तशीच वाकलेली,
नाकाचं पाणी लोडावर.
पाचवं मिनिट कसं असतं ते आठवत नाही.

एकदा कपाटातून थर्मामीटर काढला,
आमच्याच शेवटच्या बॅचमधला,
आणि बेंबीखाली टेकवून पडून राहिले.
छत्तीस पूर्णांक चार.
सगळ्यांचं असतं तेवढंच.

लुआनना विचारलं, तुम्हाला कधी जाणवलं?
त्यांनी रुमालात नाक शिंकरलं.
"पहिली चार वर्षं नुसता गॅस."
मग बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले.
"रात्रपाळीला कोळसा पुरणार नाही असं दिसलं
की आम्ही निखारे राखेखाली ओढायचो,
भट्टीचं दार लावून घ्यायचो.
नवी पोरं दर दहा मिनिटांनी दार उघडायची,
विस्तव आहे का बघायला.
कितीदा विझवली त्यांनी, अशी बघून बघून."
आणि मला म्हणाले, खांदे खाली.

परतताना भाजलेलं रताळं घेतलं,
कोटात कोंबलं, पेन्शनच्या रांगेत उभी राहिले.
पुढे चौदा माणसं. खिडकी एकच.
पाय दुखायला लागले म्हणून नकळत गुडघे मोडले,
सवयीने,
आणि तिथे, बांधाच्या आत कुठेतरी,
ऊब.
मोठी नाही. कोंबडीखाली अंडं असतं तेवढी.

रताळं डाव्या खिशात होतं.
ही मधोमध होती.
तरी रताळ्याचीच असेल.
किंवा लुआन म्हणाले तसा गॅस.
मी खिसा चाचपला नाही.

खिडकीतल्या मुलीने मान वर न करता विचारलं, नाव?
थोंग श्वेचिन, मी म्हणाले.
आवाज माझाच होता,
पण जरा खालून आला.
मुलीने मान वर केली.